पावडीवरचा पाय

नागपूरच्या तांडापेठेत एखाद्याचा माग बंद पडला, की घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळतं. भिंतीला भिंत लागलेली घरं. एका घरातली खटखट थांबली, की पलीकडे सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईचा हात आपसूक थबकतो आणि ती मान वर करून विचारते, "काय झालं वं?" चौऱ्याहत्तर सालच्या जेठात देवाजीचा माग थांबला तेव्हा असंच झालं. इतवारीतून सुताचं बोचकं सायकलला बांधून येताना पुढचं चाक नालीत गेलं. देवाजी पडला, त्याच्यावर सायकल पडली, आणि उजव्या नडगीचं हाड मधोमध तिरपं मोडलं.

मोठ्या दवाखान्यात मांडीपासून बोटांपर्यंत पलस्तर बसलं. सहा आठवड्यांनी ते कापून गुडघ्याखालचं आखूड पलस्तर घातलं. डॉक्टर वयानं तरुण, पण बोलायचा वडीलधाऱ्यासारखा.

"आता गुडघा हलवा, बसा, कुबड्यांवर फिरा. पण या पायावर भार द्यायचा नाही. हाड अजून जुळलेलं नाही, ओल्या भिंतीसारखं नुसतं उभं आहे. सहा आठवड्यांनी फोटो काढू. मोडीभोवती नवं हाड दिसलं, की मी सांगेन. मग पाय टेकवायचा."

"अन् नाही दिसलं तं?" देवाजीच्या बायकोनं, रंभानं विचारलं.

"तर आणखी थांबायचं. हाडाला घाई कळत नाही, बाई."

हाडाला नसेल कळत. रंभाला मात्र घाई होती.

मागावर एक लुगडं अडकलं होतं. हिरवंगार, नऊवारी, पिवळ्या काठाचं; अर्धं विणलेलं, अर्धं अजून ताण्याच्या उभ्या सुतात. उमरेडला दिलेल्या लेकीला, कौशल्येला, सातवा महिना लागणार होता. सातव्यात माहेरचं हिरवं लुगडं नेसवून लेकीची ओटी भरायची, ही रीत सगळ्यांचीच. पण रंभानं त्या रीतीला आपल्या हातानं एक गाठ मारून ठेवली होती. कौशल्येच्या लग्नात विहीणबाई अंजनाबाई चार बायांत बोलल्या होत्या, "नागपूरवाल्याइचं काय वं, दुकानातून आणतेत अन् आमच्याच मागावरचं म्हणून सांगतेत." ते घरही विणकराचंच, म्हणून टोमणा जास्त लागला. रंभानं तिथल्या तिथे ठसक्यात सांगून टाकलं, "सातव्याले पाहाल बाई! बापाच्या हातचं लुगडं नेसन माही लेक."

आता दुसऱ्या कोणाला मागात बसवावं, तर तेही होईना. विणकराचा हात हात असतो. कोणी फणी जोरात ठोकतो, कोणी अलगद. अर्ध्यात हात बदलला की कापडात आडवी रेघ उमटते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. विणकराच्या घरातली आंधळी म्हातारीही नुसतं बोट फिरवून सांगते, इथून दुसरा बसला होता म्हणून. आणि बायकांनी कांड्या भराव्यात, ताण्याला खळ द्यावी, पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसावं ते पुरुषानं, अशी त्या घरांतली वाटणी. रंभा रोज कांड्या भरत होती. भरलेल्या कांड्या टोपलीत साचत होत्या. चरख्याबरोबर तिच्या तोंडी ओवी यायची,

हिरवा वं हिरवा धागा, कांडीवर चढे बाई,
लेकीच्या वं सातव्याले बाप लुगडं विणू जाई.

'बाप' या शब्दाशी आली, की नजर खाटेकडे वळायची. खाटेवर देवाजी छताचे वासे मोजत पडलेला.

आखूड पलस्तराला आठवडा झाला तेव्हा ती एकटीच दवाखान्यात निघाली. डॉक्टरला एवढंच विचारायचं होतं, की यांनी मागात बसावं का? उभं राहायचं नाही, चालायचं नाही. खड्ड्यात पाय तर लोंबते असतात, भुईला लागतही नाहीत. पायांखाली दोन पावड्या, एकदा ही दाबायची, एकदा ती. यात भार कसला आला?

रांग वऱ्हांड्याच्या पायऱ्या उतरून लिंबाच्या झाडापर्यंत पोचली होती. तिच्या पुढे एक गडी होता. त्याच्याही गुडघ्याखाली पलस्तर, पण तळाला रबराची टाच बसवलेली आणि गडी चांगला दोन्ही पायांवर उभा.

"भाऊ, तुमी तं उभे आहात!"

"उभा? चालून राहिलो बाई." तो खुशीत येऊन दोन पावलं पुढे-मागे चालून दाखवू लागला. "खापरखेड्याहून बशीनं आलो. वीजघरात कामाले आहो, चंद्रभान नाव. बायको म्हंते, पाय साजरा होता तवा घरी तरी राहत होता, मोडल्यापासून भल्लाच भटकून राहिला."

"किती दिवस झाले जी मोडून?"

"सातवा हप्ता."

"अन् डॉक्टरनंच सांगतलं चालाले?"

"मंग! म्हणाले, टाक भार. भार टाकल्यानंच हाड पक्कं होते."

सातवा हप्ता. देवाजीचाही सातवाच. तुमचं कोणतं हाड मोडलं, हे विचारायचं रंभाला सुचलंच नाही. की सुचलं आणि तिनं ओठ मिटून घेतले, हे पुढे कितीही आठवलं तरी तिला ठरवता आलं नाही. हा तर उभा राहतो, चालतो. आपला तर नुसता बसणार. तिनं रांगेकडे पाहिलं. पुढे तीसेक माणसं होती. ऊन चढत होतं. पण ती निघाली ते उन्हामुळे नाही. डॉक्टर 'नाही' म्हणाला असता तर, या भीतीनं निघाली.

घरी पाय ठेवते न ठेवते तो देवाजीनं विचारलं, "काय म्हणाले?"

"मागात बसू द्या म्हणाले. उभं मात्र राहायचं नाही."

"खरंच म्हणाले?"

"मंग काय खोटं सांगून राहिली मी?"

खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. तिची अडखळली नाही. देवाजी असा हसला की सहा-सात आठवड्यांची दाढी वाढलेलं ते तोंड एकदम पोराचं दिसलं. कुबड्या टेकत तो मागापाशी गेला, खड्ड्याच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून त्यानं आत सोडला, कोणी लहान मूल पाळण्यात ठेवावं तसा.

खटखट सुरू झाली. पलीकडून आवाज आला, "बसले का वं भाऊजी?" रंभानं इकडून मोठ्यानं सांगितलं, "बसले! डॉक्टरनं सांगतलं."

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी देवाजी मधूनच थांबू लागला. त्यानं डाव्या पायानंच दोन्ही पावड्या दाबून पाहिल्या, पण हाताची आणि पायाची चाल जुळेना. तिसऱ्या दिवशी कांडी द्यायला रंभा वाकली, तर त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते.

"रंभे, आत करकरते वं. पावडी दाबली का करकरते."

तेव्हा थांबवता आलं असतं. 'उठा, उद्या पुन्हा विचारून येऊ', एवढंच म्हणायचं होतं. अजून अर्धी टोपली कांड्या उरल्या होत्या आणि ओटी आठवड्यावर आली होती.

"करकरन नाही तं काय?" ती म्हणाली. "हाड जुळून राहिलं. डॉक्टर म्हणालेच होते, थोडं दुखन म्हणून."

"असं म्हणाले होते?"

"हो."

"मंग ठीक आहे." आणि त्यानं दात ओठावर रोवून पावडी दाबली.

पहिलं खोटं लेकीसाठी होतं, असं रंभानं मनाला समजावलं होतं. हे दुसरं कोणासाठी होतं, ते तिला मनाशीही म्हणता येईना. ती चरख्यावर जाऊन बसली. त्या दिवसापासून ओवी तोंडात आली नाही.

लुगडं नऊ दिवसांत उतरलं. उमरेडला ओटी भरली. कौशल्या हिरव्या लुगड्यात अशी दिसत होती की पाहणाऱ्याची नजर ठरेना. अंजनाबाईंनी पदर हातात घेतला, सगळ्यांदेखत त्यावरून बोट फिरवत गेल्या, काठापासून काठापर्यंत, आणि म्हणाल्या, "हात एकच आहे वं. हरली मी." बाया हसल्या. रंभाच्या अंगावर मूठभर मांस चढायला हवं होतं. पण ती पाहत होती ते भलतंच, पलस्तराच्या तोंडातून बाहेर आलेली, सुजून काळीनिळी झालेली पाच बोटं. त्या बोटांचा धनी घरी खाटेवर पाय उंच करून पडला होता.

ठरल्या दिवशी फोटो निघाला. डॉक्टरनं तो खिडकीच्या उजेडात धरला, आणि जुना फोटो काढून त्याच्या शेजारी धरला.

"पाय टेकवला होता?"

"नाही साहेब," देवाजी म्हणाला. "एक पाऊल नाही. शपथ घेतो."

त्यानं खरंच सांगितलं होतं. भुईवर त्यानं पाऊल ठेवलं नव्हतं, आणि मागाची गोष्ट डॉक्टरला माहीतच आहे, असं तो धरून चालला होता.

"मग हाड का जुळत नाही? फट तशीच आहे. थोडं वाकलंयही." डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "इतकी विश्रांती देऊन जुळत नसेल, तर ते आपणहून जुळणार नाही. ऑपरेशन करावं लागेल. कमरेचं थोडं हाड काढून इथे बसवू, वर लोखंडी पट्टी. सोमवारी भरती व्हा."

चिठ्ठी घेऊन दोघं बाहेर बाकावर बसली. देवाजी कुबडीच्या मुठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "कोणाचा दोष नाही वं. माहीच हाडं कच्ची. लहानपणी अंमळसा पडलो तरी हातबोट मोडे. तू काहून तोंड उतरवून बसली? तू तं सारं केलं. दवाखान्यात खेटे घातले, रांगेत उभी राहिली…"

रंभा उठली.

"कुठं चालली?"

"आलीच."

ती आत गेली तेव्हा डॉक्टर दुसऱ्याचा फोटो पाहत होता. ती दारातच बोलली, बसली नाही, की बसायची हिंमत झाली नाही. "साहेब, ते मागात बसले होते. नऊ दिवस."

"म्हणजे?"

तिनं माग सांगितला, खड्डा सांगितला, पावड्या सांगितल्या. डॉक्टर नागपूरचाच, पण त्यानं माग कधी आतून पाहिला नव्हता. "पावडी दाबायला जोर किती लागतो?"

रंभानं टेबलावर तळवा ठेवला आणि दाबला. दौत हलली, कागदांवरचा काचेचा गोळा घरंगळला. "एवढा," ती म्हणाली. "दिवसातून हजारदा."

डॉक्टरनं फोटो पुन्हा उजेडात धरला. "हे पाहा. धुरासारखं दिसतंय ना? हे नवं हाड. रोज थोडं धरत होतं आणि रोज तुम्ही तोडत होता. भार म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे, बाई. पायानं जोर दिला की हाडावर भार आला, मग पाय भुईवर असो की हवेत."

"तो खापरखेड्याचा माणूस सातव्या हप्त्यात चालून राहिला होता, साहेब."

"कोण? चंद्रभान? त्याच्या घोट्याला नुसती चीर गेली होती. हाड जागचं हललंही नव्हतं. हाड वेगळं, मोड वेगळी, दिवस वेगळे. शेजाऱ्याच्या मुहूर्तावर आपल्या घरचं लग्न लावता का तुम्ही?" तो चिडला होता, पण त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखंही काही होतं. "बरं झालं सांगितलंत. मग सोमवारी कापायची गरज नाही. हाडात जोर आहे. पुन्हा मांडीपर्यंत पलस्तर, दहा आठवडे. बोलवा त्यांना."

तेवढ्यात तिच्या मनात आलं, झालं. आता कोणाला काही कळायची गरज नाही. पलस्तर बसेल, हाड जुळेल, आणि ते खोटं आपल्यापाशीच राहील. तिनं देवाजीला हाक मारली. तो कुबड्या टेकत आत आला आणि डॉक्टर हसत, रागावत म्हणाला, "काय देवाजी, मागात बसलात आणि मला सांगितलंही नाही?"

देवाजी गोंधळला. "तुमीच तं सांगतलं होतं, साहेब. बसा म्हणून."

"मी?"

देवाजीनं रंभाकडे पाहिलं. पाहत राहिला. पंचवीस वर्षं एका छताखाली राहिलेल्या माणसाला तोंड वाचायला किती वेळ लागतो? त्याची नजर खाली गेली. मग तो हळूच म्हणाला, "माह्याच समजण्यात काही चूक झाली असन साहेब. मी म्हातारा माणूस, ऐकाले कमी येते."

चव्वेचाळीस वर्षांचा गडी. कान तर असे, की शेजारच्या मागातला तुटलेला धागा त्याला इकडे ऐकू यायचा.

त्यानं शिवी दिली असती तर रंभानं ती पदरात घेतली असती. हे मात्र तिला सोसवलं नाही. "त्याइची नाही," ती म्हणाली, आणि आवाज फुटला. "चूक माही. मी रांगेतून वापस गेली. तुमाले विचारलंच नाही अन् घरी सांगतलं, डॉक्टर हो म्हणाले. दुखते म्हणाले तं त्याचंही सांगतलं, डॉक्टर म्हणाले होते दुखन म्हणून."

डॉक्टरनं कंपाउंडरला पलस्तराच्या पट्ट्या भिजवायला सांगितल्या.

त्यानंतरचे दहा आठवडे देवाजीनं आवाज चढवला नाही. जेवला, पाणी मागितलं, कौशल्येला मुलगा झाल्याचं पत्र आलं तेव्हा ते दोनदा वाचून घेतलं. फक्त एक गोष्ट बदलली. शेजारचे मारोतराव ड्यूटीवर निघाले, की तो खाटेवरून हाक मारायचा, "मारोतराव, दवाखान्यावरून जाऊन राहिले का गा? तेवढं डॉक्टरले विचारून या, कुशीवर निजलं तं चालन का." दुसऱ्या दिवशी, "विचारा बरं, बोटं हालवू का." रंभा तिथेच असायची, हातात चहाचा गिलास घेऊन. तिला तो विचारत नव्हता. सांगतही नव्हता, की तुला विचारणार नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी तिनं गिलास खाली ठेवला. "शिव्या तरी द्या ना."

"कशाले?"

"मागात बसवलं म्हणून."

देवाजी बराच वेळ पलस्तरावर नख घासत राहिला. "मागात बसलो त्याचं नाही वं. लुगड्याचा सोस काय तुलेच होता? तू म्हणाली असती, डॉक्टरले विचारलं नाही, तुमीच पाहा, तरी बसलो असतो मी. पण मंग करकरलं तवा थांबलो असतो. तू म्हणाली, डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी सोसलं."

एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही. रंभा चुलीपाशी जाऊन बसली. चूल विझलेली होती, तरी फुंकणी हातात धरून बसली.

कार्तिकात पलस्तर निघालं. पाय वाळल्या फांदीसारखा झाला होता, कातडीची सालं निघत होती. पण फोटोत मोडीच्या भोवती गाठ दिसत होती, पांढरी, घट्ट, झाडाच्या खोडाला जखमेजवळ येते तशी. डॉक्टरनं मोडीच्या जागी अंगठा दाबून पाहिला. "दुखतं?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही साहेब."

डॉक्टरनं भिंतीशी ठेवलेला वजनाचा काटा ओढून आणला, त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची एक लाकडी पेटी ठेवली. "डावा पाय पेटीवर, उजवा काट्यावर. एकदम सगळा भार नाही. आज पंधरा किलो, त्याच्यावर नाही. पंधरा म्हणजे किती, हे पायाला कळलं पाहिजे. आठ दिवस तेवढाच. मग अर्धं वजन, मग फोटो, मग पूर्ण. सूज आली, दुखलं, की थांबायचं आणि इथे यायचं. एका हातात कुबडी, दुसरा हात बाईंच्या खांद्यावर. मी एवढा पेशंट पाहून येतो, तोवर करून पाहा. वाकून स्वतः काटा पाहू नका, तोल जाईल."

देवाजी उभा राहिला. त्याचा हात खांद्यावर पडला तसा रंभाचा खांदा खाली दबला. पाच महिन्यांनी त्यानं तिचा आधार घेतला होता. डावा पाय पेटीवर चढला. उजवा काट्याच्या वर अधांतरी राहिला.

"ठेवू?" त्यानं विचारलं.

खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

'ठेवा' हा एक शब्द तिला म्हणवेना. डॉक्टरचं बोलणं तिनं आत्ता, या कानांनी ऐकलं होतं, तरी म्हणवेना. तिनं पदरानं डोळे पुसले, कारण काटा धूसर दिसत होता, आणि मान वाकवली.

"पंधरा म्हणाले डॉक्टर," ती म्हणाली. "त्याच्यावर नाही. मी काट्यावर जे दिसन तेच सांगते. दुसरं काही नाही सांगत."

बोटं काट्याला लागली. मग चवडा. मग टाच.

"तीन," रंभा म्हणाली. "चार… चारच. आता सहा."

खांद्यावरचं ओझं किंचित हललं.

"नऊ. दुखते का?"

"नाही."

"नऊच आहे. दहा. बारा… बारा… थोडं मागं गेलं, अकरा."

त्याचा श्वास तिच्या कानाशी जोरजोरात चालला होता. खांदा हळूहळू हलका होत होता आणि जेवढा हलका होत होता, तेवढं तिला उभं राहणं कठीण जात होतं.

"तेरा. चौदा. पंधरा. बस."

पाय जागच्या जागी थांबला. काटा पंधरावर लवलवत उभा राहिला. रंभानं मान वर केली तेव्हा देवाजी समोरच्या भिंतीकडे पाहत होता. काट्याकडे त्यानं पाहिलंच नव्हतं.